वांगासाठी लेसरच्या ट्रायलमध्ये नाव द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३६, दिंडोरी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका. घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळे शाळेआधी आणि शाळेनंतर बागेत जाणं होतंच. धाकट्याच्या वेळी दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांग आला, सहा वर्षं झाली तरी गेला नाही. मेडिकलमधून आणलेली एक क्रीम दोन वर्षं लावतेय. लावली की उजळतं, सोडली की लाल होतं. नाशिकला एका दवाखान्यात लेसरची ट्रायल सुरू होतेय. ३० बायका, चेहऱ्याच्या एका बाजूला क्रीम आणि लेसर, दुसऱ्या बाजूला फक्त क्रीम. पंधरा दिवसांनी एक अशी सहा सेशन, डिसेंबरच्या मध्यापासून. शेवटच्या सेशननंतर चार आठवड्यांनी शेवटची तपासणी. सगळं मोफत. अकरा पानी इंग्रजी फॉर्म दिलाय. मिस्टर म्हणतात, फुकट होतंय तर करून घे. सासूबाई म्हणतात, चेहरा जाळून घेऊ नकोस. काय करू?

ताई, मिस्टरांच्या आणि सासूबाईंच्या, दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण मला तुमच्या प्रश्नातली वेगळीच ओळ खटकली. शेवटच्या सेशननंतर चार आठवड्यांनी शेवटची तपासणी. जरा कॅलेंडर घेऊन मोजा. डिसेंबरच्या मध्याला पहिलं सेशन, तर सहावं फेब्रुवारीच्या अखेरीला पडतं आणि शेवटचा फोटो मार्चच्या अखेरीला. म्हणजे तुमच्या चेहऱ्याची नोंद तिथे बंद होणार, आणि त्यानंतर नाशिकचा एप्रिल-मे सुरू होणार. द्राक्षाच्या खरड छाटणीला, म्हणजे एप्रिलमधल्या छाटणीला, तुम्ही बागेत असणार. लेसरनंतर वांगाचं खरं काय झालं, ते तेव्हा कळतं. आणि तेव्हा ते पाहायला ट्रायलमधलं कुणी नसेल.

मी नाशिकमध्ये एकवीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. काही ट्रायलमध्ये स्वतः काम केलंय, काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलला मंजुरी देण्याआधी ती रुग्णांसाठी योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीवरही होते. त्यामुळे ट्रायल म्हटलं की ‘प्रयोगाचं उंदीर करतील’ असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. उलट तुमच्यासारख्या बायका ट्रायलमध्ये आल्या नाहीत तर आम्ही डॉक्टर अंधारातच उपचार करत राहू, असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण लेसर काम कसं करतो यातच आहे.

१९८३ मध्ये बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी आजच्या त्वचेच्या लेसरचा पाया घातला. कल्पना सोपी आहे. उन्हात काळी छत्री तापते, पांढरं धोतर तितकं तापत नाही. तसा प्रकाशाचा असा रंग निवडायचा, की तो हव्या त्याच गोष्टीत शोषला जाईल, मग तो डागातला रंगकण असो, लाल रक्तवाहिनी असो की गोंदणाची शाई. आणि झोत इतका क्षणिक ठेवायचा की उष्णता शेजारच्या पेशींत पसरायच्या आत तो थांबलेला असेल. वांगासाठी आम्ही वापरतो तो क्यू-स्विच्ड एनडी-यॅग लेसर १०६४ नॅनोमीटरचा, आणि त्याचा एकेक झोत काही अब्जांश सेकंदांचा असतो. गालावर बारीक टिचक्या बसल्यासारखं वाटतं, टक-टक असा आवाज येतो, लव जळल्याचा थोडा वास येतो. सासूबाई म्हणतात तसं ‘जाळणं’ ते नाही.

पण त्यांची भीती अगदीच खोटीही नाही. आपल्या कातडीत वरच्या थरातच भरपूर रंग आहे. डागाकडे निघालेला प्रकाश वाटेतच थोडा शोषला जातो. जास्त जोर लावला तर कातडी चिडते, आणि आपल्याकडची कातडी चिडली की काळी पडते. भाजलेल्या जागी, चिघळलेल्या मुरमाच्या जागी, डास चावल्याच्या जागीसुद्धा डाग राहतो, ते याचमुळे. जगभर वापरली जाणारी त्वचेच्या रंगाची वर्गवारी फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडली ती गोऱ्या लोकांना प्रकाशाचा डोस ठरवण्यासाठी. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे वर्ग तिच्यात नंतर जोडले गेले. लेसरचंही तसंच झालं. सुरुवातीचे बरेच आकडे गोऱ्या त्वचेवरचे होते. ते जसेच्या तसे उचलून निफाडच्या किंवा दिंडोरीच्या बाईच्या गालावर वापरले, की डाग जाण्याऐवजी वाढतो. म्हणून आपल्याकडच्या ट्रायल हव्यात. फक्त त्या नीट केलेल्या हव्यात.

आता वांगाचं. वांग म्हणजे गालावर साठलेला रंग इतकंच असतं तर लेसरने तो केव्हाच संपवला असता. पण तिथल्या रंग बनवणाऱ्या पेशीच जास्त काम करत असतात. त्यांना ऊन हाकतं, साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही हाकतो, गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्यांमधली संप्रेरकं हाकतात, घराण्यातला कल असतो. लेसर साठलेला रंग फोडतो, पेशींची खोड मोडत नाही. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे ते. पुसल्यावर फरशी दोन मिनिटं छान कोरडी दिसते, आणि फोटो नेमका त्या दोन मिनिटांत काढला जातो.

हे मी मनाने सांगत नाही. २०१० मध्ये थायलंडच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो तुमच्या ट्रायलशी इतका मिळताजुळता आहे की सविस्तर सांगते. २२ रुग्ण. चेहऱ्याच्या एका बाजूला १०६४ नॅनोमीटरचा लेसर आणि हायड्रोक्विनोन या डाग उजळवणाऱ्या औषधाची २ टक्क्यांची क्रीम, दुसऱ्या बाजूला फक्त क्रीम. दर आठवड्याला एक अशी पाच सेशन. उपचार संपले तेव्हा वांगाचा स्कोअर लेसरच्या बाजूला सुमारे ७६ टक्के उतरला होता, फक्त क्रीमच्या बाजूला सुमारे २४ टक्के. अभ्यास तिथेच थांबला असता तर दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता करून लावायच्या लायकीचा निकाल होता. पण त्या डॉक्टरांनी पुढेही रुग्ण पाहिले, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. २२ पैकी ४ जणांचा डाग उलट आधीपेक्षा गडद झाला. ३ जणांच्या चेहऱ्यावर पांढरट ठिपके उठले. आणि वांग सगळ्यांचा परत आला. सगळ्यांचा.

आता तुमच्या प्रश्नातलं ते ‘चार आठवडे’ पुन्हा वाचा. एकच उपचार, तेच मशीन, पण उपचार संपल्या संपल्या मोजलं तर यशस्वी आणि थांबून मोजलं तर असा. यशाचा आकडा कोणत्या दिवशी घेतला, यावर सगळं आहे.

एकाच विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी कॉक्रेन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. वांगावरच्या उपचारांचा तिचा आढावाही २०१० मधलाच. त्यात २० अभ्यास, २,१२५ रुग्ण आणि तब्बल २३ वेगवेगळे उपचार होते. म्हणजे एकेका उपचाराच्या वाट्याला किती कमी माणसं आली बघा. अभ्यासांचा दर्जा आणि त्यांचा कमी कालावधी यावर त्या आढाव्यातही नाराजी आहे.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल मी स्वतःच्या अनुभवाने बोलू शकते. बारा-तेरा वर्षांपूर्वी ‘लेसर टोनिंग’चा खूप बोलबाला होता. दर आठवड्याला, कमी ताकदीने, पुन्हा पुन्हा. माझ्याकडे बँकेत काम करणारी एक बाई यायची. नऊ सेशनला चेहरा इतका उजळला की ती म्हणाली, ‘मॅडम, अजून थोडं करू या.’ मी करत गेले. तेराव्या सेशनला ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, आणि बाजूने आलेल्या उजेडात मला तिच्या गालावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके दिसले. वूड्स दिव्याखाली, म्हणजे कातडीतला रंगाचा फरक उठून दाखवणाऱ्या जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली, पाहिलं तर डोळ्यांना दिसत होते त्याच्या दुप्पट निघाले. मी तिथेच थांबवलं. पुढची दोन वर्षं ती माझ्याकडे येत राहिली, बरेचसे ठिपके भरले, काही अजून आहेत. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण चूक माझी होती. त्यानंतर आठवड्याला टोनिंग मी कुणालाच केलं नाही. त्या बाईला नवव्या सेशननंतर कुठल्या ट्रायलमध्ये मोजलं असतं तर ती ‘उत्तम सुधारणा’च्या रकान्यात गेली असती.

म्हणून फॉर्म हातात घेतलात की पहिल्यांदा शेवटच्या तपासणीची तारीख शोधा. वांगाच्या लेसरसाठी शेवटच्या सेशननंतर निदान सहा महिने पाहिलं पाहिजे, आणि त्या सहा महिन्यांत एक उन्हाळा आला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नाशिकमध्ये पावसाळ्यात सुरू करून डिसेंबरात संपवलेल्या अभ्यासात वांग आपोआपच थोडा फिका दिसतो. त्यात लेसरचा वाटा किती आणि ढगांचा किती, हे दुसऱ्या बाजूशी तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही. तुमच्या ट्रायलमध्ये तशी तुलना आहे, ही तिची जमेची बाजू.

अर्ध्या चेहऱ्याच्या या पद्धतीबद्दल थोडं बोलू. एकाच बाईचा उजवा आणि डावा गाल असला की वय, ऊन, संप्रेरकं, खाणंपिणं सगळं सारखंच. म्हणून कमी माणसांत चांगली तुलना होते. पण कोणता गाल लेसरला द्यायचा हे डॉक्टरांनी स्वतः ठरवायचं नाही. आरपार न दिसणाऱ्या सीलबंद पाकिटातली चिठ्ठी ते ठरवते. नाहीतर नकळत कमी डागाचा गाल लेसरकडे जातो. मोटारीत, ट्रॅक्टरवर किंवा स्कूटीवर रोज कोणत्या बाजूने ऊन लागतं तेही महत्त्वाचं. मी अशा अभ्यासात बायकांना ते आवर्जून विचारायचे. आणि रोजच्या जगण्यातला प्रश्न वेगळाच आहे. तीन महिने तुमचे दोन गाल दोन रंगांचे दिसू शकतात. वर्गात पोरं विचारतील, लग्नाकार्यात बायका विचारतील. त्याची मनाची तयारी आहे का?

एथिक्स कमिटीतला एक प्रसंग माझ्या कायम लक्षात राहिलाय. असाच अर्ध्या चेहऱ्याचा अभ्यास समोर आला होता. आम्ही डॉक्टर मंडळी जूल आणि स्पॉट साइझवर, म्हणजे झोताची ऊर्जा किती आणि तो किती रुंद यावर, अर्धा तास बोललो. कमिटीत डॉक्टर नसलेली एक सामान्य नागरिकही लागते; आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘ज्या गालाला लेसर दिला नाही, त्याला नंतर देणार का? की बाईने तसंच अर्धं तोंड घेऊन घरी जायचं?’ खोलीत कुणाकडे उत्तर नव्हतं. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, परत पाठवला, आणि तो आला तेव्हा त्यात एक ओळ वाढली होती: लेसर उपयोगी ठरला तर दुसऱ्या बाजूलाही मोफत. तुम्हीही शिक्षिका आहात. हा प्रश्न विचाराच.

मोजतात कसं, तेही पाहा. वांगासाठी ‘मासी’ नावाचा स्कोअर असतो. कपाळाला ३० टक्के वजन, दोन्ही गालांना ३०-३० टक्के, हनुवटीला १० टक्के. प्रत्येक भागात डाग किती पसरला, किती गडद, किती एकसारखा, याचे गुण. जास्तीत जास्त ४८. ऐकायला फार काटेकोर वाटतं, पण गडदपणा शेवटी कुणाच्या तरी डोळ्यांनीच ठरतो. ज्या डॉक्टरने लेसर मारला त्यानेच गुण दिले तर ते नकळत चांगलेच पडतात. आपल्या हातच्या स्वयंपाकाला आपणच गुण देण्यासारखं आहे ते. म्हणून फोटो पाहणाऱ्याला कोणती बाजू लेसरची आणि कोणता फोटो आधीचा, हे माहीत असता कामा नये. फॉर्ममध्ये किंवा नोंदणीत ‘ब्लाइंडेड’ हा शब्द यासाठी शोधायचा.

फोटोंचीही एक गंमत सांगते. माझ्याच दवाखान्यात नव्या शिकाऊ डॉक्टरांना मी एक प्रयोग दाखवते. एकाच बाईचे पाच मिनिटांत दोन फोटो. एक ट्यूबलाइटखाली, चेहरा न धुता, हनुवटी खाली. दुसरा खिडकीसमोर, चेहरा धुऊन, मॉइश्चरायझर लावून, हनुवटी किंचित वर. कुठलाही उपचार न करता वांग निम्म्यावर आल्यासारखा दिसतो. त्यामुळे ट्रायलमध्ये कॅमेरा, दिवे, अंतर, कोन सगळं ठरलेलं हवं. आणि तुमच्या चेहऱ्याचे फोटो कुठे छापणार, डोळे झाकणार का, याची संमती उपचाराच्या संमतीहून वेगळी मागितली पाहिजे. अभ्यासाला हो आणि फोटो छापायला नाही, असं तुम्ही म्हणू शकता.

३० बायका हा आकडा लहान आहे का? गुण येतो का हे पाहायला, अर्ध्या चेहऱ्याच्या पद्धतीत, तो ठीक आहे. धोका किती हे पाहायला मात्र लहान. एक सोपा हिशोब आहे: ३० जणींपैकी एकीलाही त्रास झाला नाही, तरी खरा धोका १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. ३ ला ३० ने भागायचं, इतकंच. ‘आमच्या अभ्यासात कुणालाच काही झालं नाही’ या वाक्याचा अर्थ तेवढाच घ्या.

आता हक्कांबद्दल, कारण अकरा पानी इंग्रजी फॉर्म मला अजिबात आवडलेला नाही. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावंच लागतं. मराठी प्रत मागा. ती नाही असं म्हणाले तर तिथेच थांबा. सही केलेली एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. तिच्यात मुख्य डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन असला पाहिजे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलात म्हणून त्याच दवाखान्यातला नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. ट्रायलसाठीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. दिंडोरीहून नाशिकला येण्याजाण्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली अर्धी रजा याबद्दलही मोकळेपणाने विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक गोष्ट घरबसल्या मोबाइलवर करता येते. भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, सगळे तिला सीटीआरआय म्हणतात. ती २००७ पासून आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच तिथे नोंद करावी लागते. कुणालाही फुकट पाहता येते. दवाखान्याकडून नोंदणी क्रमांक घ्या आणि शोधा. किती रुग्ण, कुणाचा पैसा, एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली की बाकी आहे, कुणाला घेणार नाहीत, सगळं तिथे असतं. आणि मुख्य निकाल कोणत्या आठवड्याला मोजणार, याचा रकानाही असतो. मी तरी तोच सर्वात आधी वाचते. तिथे तीन महिने आणि सहा महिने असं दिसलं, तर तुम्हाला तोंडी सांगताना काहीतरी राहून गेलं असेल आणि माझा मोठा आक्षेप मिटतो. नंबरच देत नाहीत असं झालं, तर ती ट्रायल नव्हेच. मोफत शिबिराला दिलेलं भारी नाव आहे ते.

मशीनबद्दल दोनच गोष्टी. पडद्यावर दिसणारा जूलचा आकडा आणि हँडपीसमधून प्रत्यक्षात बाहेर पडणारी ताकद यांत वापरून वापरून फरक पडतो, म्हणून मशीन केव्हा तपासलं ते विचारा. आणि पहिल्याच दिवशी पूर्ण गालावर नको. कानासमोर छोटा टेस्ट पॅच करून चार आठवडे थांबणाऱ्यांवर माझा जास्त विश्वास बसतो. डोळ्यांवर त्या लेसरसाठीचाच चष्मा असतो, तो नीट बसलाय याची खात्री तुम्हीही करा.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती. तुमची क्रीम. ‘लावली की उजळतं, सोडली की लाल होतं’ हे वाचून मला ती स्टिरॉइडची असल्याची दाट शंका आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ‘गोरेपणाच्या’ ट्यूबांमध्ये पुष्कळदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं त्रिकूट असतं. त्वचारोगतज्ज्ञ ते काही आठवडे, नजरेखाली, वापरतात आणि बंद करतात. दोन वर्षं लावायची ती चीज नव्हे. कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते, ऊन सोसवत नाही. भारतात बऱ्याच केंद्रांत मिळून झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम झाला, पण दिंडोरीच काय, नाशिकच्या कॉलेज रोडवरही अजून माझ्या टेबलावर रोज एखादी ट्यूब येतेच.

अशा पातळ झालेल्या कातडीवर लेसर मारला तर काय होईल, याचा भरवसा कुणी देऊ नये. चांगल्या ट्रायलमध्ये अशा रुग्णांना घेतच नाहीत, किंवा क्रीम बंद करून ठरावीक काळ थांबायला सांगतात. मोफत उपचार हुकेल म्हणून हे लपवू नका. लपवलंत तर सगळ्यात जास्त धोका तुम्हालाच, आणि निकालही बिघडतो. तुमच्यानंतर त्या निकालावर विसंबून ज्या बायकांवर उपचार होतील, त्यांचंही नुकसान. आणि ट्यूब एका दिवसात फेकूनही देऊ नका. एकदम थांबवली की चेहरा भडकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावी लागते.

वाचणाऱ्यांपैकी कुणी हे उत्तर मुरमांच्या खड्ड्यांना किंवा कोडाला लावू नये, म्हणून जाता जाता सांगते. कोडासाठी ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर असतो, त्यात आठवड्याला दोन-तीनदा आणि महिनोन्‌महिने यावं लागतं. तिथे रंग यायला हवा असतो, जायला नको. खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल लेसर, म्हणजे कातडीवर फक्त बारीक बारीक ठिपक्यांत मारला जाणारा लेसर असतो, आणि तिथे सुधारणा टिकते. तिथलाही पुरावा विरळच आहे: २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात २४ अभ्यास मिळून ७८९ माणसं होती. पुरावा नसला की काय होतं ते खड्ड्यांच्याच रुग्णांनी भोगलंय. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या की सहा महिने लेसर करायचा नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. तो नियम १९८० च्या दशकातल्या मूठभर रुग्णांच्या नोंदींवरून आला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सगळा पुरावा एकत्र तपासला, तेव्हा फ्रॅक्शनल लेसरसाठी इतकं थांबायला लावण्याइतका आधार त्यांना सापडला नाही. तीस वर्षं पोरापोरींना आम्ही उगाच ताटकळत ठेवलं. हा प्रश्न वेळेवर कुणी नीट ट्रायल करून सोडवला असता तर ते टळलं असतं.

वांगाकडे परत येते. मशीनशिवाय झालेली एक ट्रायल मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. मेक्सिकोत, २०१४. वांग असलेले ६८ रुग्ण, सगळ्यांना तीच हायड्रोक्विनोन क्रीम. निम्म्यांना साधं सनस्क्रीन, निम्म्यांना लोह ऑक्साइड घातलेलं, म्हणजे दिसणारा प्रकाशही अडवणारं, किंचित मातकट रंगाचं सनस्क्रीन. आठ आठवड्यांत दुसरा गट जास्त सुधारला. फक्त सनस्क्रीन बदलून. बागेत राबणाऱ्या बाईसाठी हा निकाल लेसरच्या दहा जाहिरातींहून मोलाचा आहे, पण त्यात कुणाला मशीन विकायचं नसल्यामुळे तो कुणी सांगत नाही. रंग असलेलं सनस्क्रीन आणा, दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा इतकं घ्या, सकाळी बागेत जाण्याआधी वीस मिनिटं लावा, शाळेत मधल्या सुट्टीत पुन्हा. वर काठाची टोपी आणि सुती स्कार्फ. द्राक्षाच्या घडांची विरळणी करताना मान वर असते आणि मांडवातून कवडसे तोंडावर पडतात, तेव्हा फक्त पदर पुरत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही तुमच्या डॉक्टरांशी बोला, पर्याय असतात. पोटात घ्यायच्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडने बऱ्याच जणींना गुण येतो, पण तुम्हाला किंवा घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली असेल तर ते चालत नाही, म्हणून ते कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका.

तुमच्या जागी मी असते तर या डिसेंबरच्या ट्रायलला नाही म्हटलं असतं. लेसर वाईट म्हणून नव्हे. क्रीम अजून सुटलेली नाही आणि नोंद मार्चमध्ये बंद होते म्हणून. त्यांनी शेवटची तपासणी सप्टेंबरपर्यंत नेली, मराठी फॉर्म दिला, दुसऱ्या गालाचं लेखी सांगितलं आणि क्रीम सुटेपर्यंत थांबायची त्यांची तयारी असेल, तर खुशाल जा. मग रंगपंचमीला रहाडीकडे, म्हणजे नाशिकच्या त्या रंगाच्या पाण्याच्या हौदांकडे, फिरकू नका, एवढंच. कोवळ्या कातडीला तो रंग आणि ते ऊन दोन्ही सोसत नाही.

कुठलाही निर्णय घ्या, पण त्याआधी एकदा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला चेहरा दाखवा. जाताना अकरा पानी फॉर्म आणि ती क्रीमची ट्यूब दोन्ही पिशवीत घाला. ट्यूब संपत आली असली, वरचं नाव पुसलं असलं तरी न्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, आम्ही भिंग लावून वाचतो.